वाट चुकू नये म्हणून: डोंगरात नकाशा, होकायंत्र आणि मोबाइल

पावसाळा तोंडावर आला की ट्रेकला निघणाऱ्या वाचकांचे तेच प्रश्न पुन्हा येतात. रेंज गेली की जीपीएस बंद पडतं का? होकायंत्र घ्यायचं तर कसलं घ्यावं? मित्राने वाटेची फाइल पाठवली आहे, तेवढी पुरेल ना? आणि चुकलोच तर ओढ्याच्या कडेकडेने खाली उतरावं म्हणतात, ते खरं का?

थोडक्यात उत्तरं अशी: पडत नाही. पारदर्शक पट्टीवर बसवलेलं घ्या. पुरणार नाही. आणि शेवटच्या प्रश्नाला सह्याद्रीपुरतं उत्तर ठाम ‘नाही’ असं आहे. या उत्तरांचा प्रत्यक्षात उपयोग कसा करायचा, ते पुढे क्रमाने सांगतो. उदाहरणं सह्याद्रीतली घेतली आहेत, कारण आपल्यापैकी बहुतेकांची पायपीट इथेच होते.

आधी माझी एक फजिती ऐका. हरिश्चंद्रगडावर जुलैतल्या एका दुपारी आम्ही तिघं कोकणकड्यावरून मंदिराकडे परत निघालो. वाट अर्ध्या-पाऊण तासाची, आधी दोनदा चाललेली. धुकं असं, की पुढच्याची पाठपिशवीसुद्धा दिसेना. तासभर चाललो. मग एका सपाट दगडाभोवती शेंगांची ओली टरफलं पडलेली दिसली. “कुणीतरी नुकतंच बसून गेलंय,” मी म्हणालो. मित्र खाली वाकून बघत म्हणाला, “कुणीतरी कशाला? आपणच.” तेव्हा कुठे पिशवीच्या तळातून होकायंत्र निघालं. आपलं तोंड पूर्वेला, मंदिराकडे आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. सुई म्हणत होती, पश्चिम. त्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? ‘खडकात लोखंड आहे, होकायंत्र फसतंय.’ पश्चिमेला कडा होता.

गावाकडे याला चकवा लागणं म्हणतात. जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २००९ साली हा चकवा मोजून दाखवला. जंगलात सरळ चाला, एवढंच त्यांनी लोकांना सांगितलं होतं. सूर्य दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ चालले. आभाळ भरलं तेव्हा गोल फिरून स्वतःचीच वाट ओलांडून गेले आणि त्यांना पत्ताही लागला नाही. म्हणजे ‘मला दिशेची चांगली जाण आहे’ या वाक्यावर धुक्यात विसंबून चालत नाही. त्याऐवजी दोन सवयी लावून घ्या:

- दर पंधरा-वीस मिनिटांनी नकाशावर बोट ठेवून ‘आपण इथे आहोत’ असं मोठ्याने म्हणा. सांगता आलं नाही, तर तिथेच थांबा.
- मन एक म्हणतंय आणि साधन दुसरंच, असं झालं तर साधन एकदा तपासा. ते ठीक असेल तर त्याचंच ऐका.

बाकी सगळं या दोन सवयींना मदत म्हणून आहे.

निघण्यापूर्वी घरी करायची कामं

१. नकाशा मिळवा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे, म्हणजे ट्रेकर ज्यांना टोपोशीट म्हणतात ते, या विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून मोफत उतरवून घेता येतात. ‘हे नकाशे बाळगणं गुन्हा आहे’ असं अजूनही कानावर येतं. नागरिकांसाठीच्या खुल्या मालिकेच्या नकाशांना ते लागू नाही. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने ही मालिकाच वेगळी काढली. आपल्या भागापुरता तुकडा छापा आणि प्लास्टिकच्या पिशवीत घाला.

२. वाटेचे तुकडे पाडा. खिरेश्वर ते हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर ही अख्खी वाट डोक्यात ठेवू नका. खिरेश्वर ते टोलार खिंड हा एक तुकडा, खिंडीपासून कातळावरच्या रेलिंगपर्यंत दुसरा आणि तिथून टेकड्या चढत-उतरत मंदिरापर्यंत तिसरा. लोक चुकतात ते बहुधा तिसऱ्यात, कारण तिथे एक टेकडी दुसरीसारखीच दिसते. प्रत्येक तुकड्यासाठी तीन गोष्टी लिहा: दिशा कोणती, वेळ किती आणि ‘हे दिसलं म्हणजे आपण पुढे निघून आलो’ अशी एक खूण.

३. वेळ काढा. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये सांगितलेला हिशेब आजही उपयोगी पडतो: दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. ६ किलोमीटर अंतर आणि ६०० मीटर चढाई असेल तर साधारण सव्वादोन तास होतात. हा हिशेब सराईत माणसाचा आहे. गटात नवखे असतील किंवा पाऊस असेल तर त्याची दीडपट धरा.

४. माघारीची वेळ ठरवा. ‘एक वाजेपर्यंत माथा आला नाही तर परत फिरायचं’ हे घरी ठरवा. माथा दिसायला लागला की कुणाचंही मन वळत नाही.

५. घरी कागद ठेवा. कुठल्या गावातून चढणार, कुठल्या वाटेने उतरणार, सोबत कोण आहे, गाडीचा नंबर काय आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करायचा. ‘भीमाशंकरला जातोय’ एवढं सांगून भागत नाही. खांडसहून गणेश घाटाने जाणार की शिडी घाटाने, यावर शोधणाऱ्यांची अख्खी रात्र अवलंबून असते.

नकाशावर डोंगर कसा वाचावा

- १:५०,००० च्या नकाशावर २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. हे सरळ रेषेतलं अंतर आहे. वळणं आणि चढ त्यात धरलेले नाहीत.
- तपकिरी रेषा समान उंचीच्या असतात. दोन शेजारच्या रेषांमध्ये २० मीटर उंचीचा फरक असतो आणि दर पाचवी रेषा ठळक असते. रेषा विरळ तिथे पठार, दाट तिथे चढ, एकमेकींना चिकटल्या तिथे कडा.
- रेषांना टोकं आलेली दिसतात. टोक चढाच्या बाजूला असेल तर ती घळ किंवा नाळ. टोक उताराच्या बाजूला असेल तर ती सोंड. नाळेत उतरताय की सोंडेवरून, हे एवढ्यावरून कळतं, आणि बहुतेक वेळा जिवाशी गाठ असते ती याच फरकाची.
- २० मीटरच्या दोन रेषांमध्ये पंधरा मीटरचा कातळटप्पा आरामात लपतो. नकाशावर नुसताच चढ दिसतो म्हणून तिथून चढता येईलच असं नाही. घाटवाटांच्या बाबतीत हे नीट लक्षात ठेवा.
- नकाशावरची पायवाट बुजलेली असू शकते, वाडी उठून गेलेली असू शकते. म्हणून जागा ओळखताना पायवाटेपेक्षा खिंड, सोंड, ओढा आणि शिखर यांच्यावर भिस्त ठेवा.

चालताना सोबतीची खूण शोधा. लांब जाणारी डोंगरधार, ओढा किंवा कड्याची रेघ डाव्या नाहीतर उजव्या हाताला ठेवून चालायला मिळालं की निम्मं काम होतं. राजगड-तोरणा ही वाट लांब असूनही बरेच जण नीट पार करतात ते यामुळेच, कारण मधली डोंगरधारच माणसाला धरून ठेवते. आडव्या रस्त्यावरची एखादी वाडी गाठायची असेल तर नेमकं वाडीवर नेम धरू नका. मुद्दाम थोडं एका बाजूला, समजा डावीकडे, झुकून चाला. रस्ता लागला की उजवीकडे वळायचं हे नक्की असतं. नेम धरून चाललात आणि रस्त्यावर वाडी दिसली नाही, तर डावीकडे जायचं की उजवीकडे, हा घोळ होतो.

होकायंत्र: कोणतं घ्यावं, कसं वापरावं

किल्लीच्या जुडग्याला लावलेलं शोभेचं होकायंत्र कामाचं नाही. पारदर्शक पट्टी, फिरणारी अंशांची चकती आणि पट्टीवर चालायच्या दिशेचा बाण असलेलं घ्या. सुई द्रवात बुडालेली असावी, म्हणजे ती लवकर स्थिरावते.

नकाशावरून दिशा घेऊन चालायची पद्धत अशी:

१. पट्टीची कड नकाशावर ठेवा: एक टोक आपण आहोत तिथे, दुसरं जायचं तिथे. दिशेचा बाण जायच्या बाजूला हवा.
२. चकती फिरवून तिच्यातल्या उभ्या रेषा नकाशाच्या उत्तर-दक्षिण रेषांना समांतर करा. चकतीवरची उत्तर नकाशाच्या वरच्या बाजूला हवी. या वेळी सुईकडे बघू नका.
३. होकायंत्र उचला, छातीसमोर आडवं धरा आणि चकतीला हात न लावता स्वतः गोल फिरा. सुईचं लाल टोक चकतीतल्या बाणावर बसलं की थांबा.
४. दिशेच्या बाणासमोर पन्नास-शंभर मीटरवरचं एखादं झाड किंवा दगड हेरा. तिथवर चाला. तिथून पुढची खूण हेरा. सुईकडे बघत चालू नका. पाय घसरेल आणि दिशाही ढळेल.

धुक्यात खूण दिसत नसेल तर सोबत्याला आवाजाच्या टप्प्यात पुढे पाठवा, ‘थोडा डावीकडे’ असं सांगत रेषेवर आणा आणि मग त्याच्यापर्यंत जा. सोबती हीच तुमची खूण. कड्याच्या बाजूला मात्र कुणालाही असं पुढे पाठवू नका.

नेहमी होणाऱ्या चुका:

- उलटी दिशा. पहिल्या पायरीत पट्टी उलटी ठेवली की बरोबर १८० अंशांची चूक होते. चालायला लागण्यापूर्वी सूर्य, वारा, उतार यांपैकी एखाद्या गोष्टीशी ताडून बघा.
- लोखंड आणि चुंबक. मोबाइलच्या चुंबकी कव्हरापासून, पॉवर बँकेपासून, कोयत्यापासून होकायंत्र हातभर लांब ठेवा. महिनोन्‌महिने फोनशेजारी पडून राहिलेल्या होकायंत्राची सुई उलटीही होऊ शकते. निघण्यापूर्वी घराच्या गच्चीवर एकदा तपासा.
- खडक. आपल्या काळ्या बसॉल्टमध्ये लोहखनिज असतं. बहुतेक ठिकाणी त्याचा त्रास होत नाही, पण माथ्यावरच्या एखाद्या खडकाजवळ सुई बहकू शकते. दहा-वीस पावलं सरकून पुन्हा बघा. दोन्हीकडे एकच दिशा आली तर होकायंत्र बरोबर आहे. हरिश्चंद्रगडावर मी हेच करायला हवं होतं.
- चुंबकी उत्तरेचा फरक. महाराष्ट्रात चुंबकी उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नसतो, तेव्हा इथे त्याचा विचार सोडून द्या. अमेरिकेत सिॲटलच्या आसपास डोंगर चढणाऱ्या मराठी मंडळींनी मात्र सोडू नये. तिथे हा फरक सुमारे १५ अंशांचा आहे, म्हणजे किलोमीटरभर चालल्यावर अडीचशे मीटरहून जास्त भरकटणं आलं.

मोबाइल आणि जीपीएस

जीपीएसचे उपग्रह आपली वेळ आणि स्थान सतत प्रक्षेपित करत असतात. फोन ते फक्त ऐकतो. त्यासाठी रेंज लागत नाही. रेंज लागते ती पडद्यावर नकाशा आणायला. म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा. डोंगरासाठी उंचीच्या रेषा दाखवणारं ॲप हवं. ऑस्मअँडसारखं ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं ॲप या कामाला चांगलं. गाडीच्या रस्त्यासाठी आपण नेहमी वापरतो तो नकाशा घाटवाटेवर बहुधा कोरी हिरवी जागा दाखवतो.

- फोन विमान मोडवर टाका. बहुतेक फोनमध्ये जीपीएस चालूच राहतं आणि टॉवर शोधण्यात जाणारी बॅटरी वाचते. विमान मोडवर आपल्या फोनचं जीपीएस चालतं का, हे घरी तपासा.
- जुलैत बॅटरीआधी पडदा दगा देतो. ओल्या पडद्यावर ओलं बोट काम करत नाही. पारदर्शक जलरोधक पिशवी आणि कोरडा रुमाल जवळ ठेवा.
- गटात दोन फोनमध्ये तोच नकाशा हवा, आणि त्यातला एक बंद करून ठेवलेला.
- स्थानात काही मीटरांची चूक धरूनच चाला. मोकळ्या आभाळाखाली फोन साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असतो. सांदण दरीसारख्या अरुंद घळीत किंवा कड्याच्या पोटाशी संदेश भिंतीवर आपटून येतो आणि पडद्यावरचा ठिपका उड्या मारायला लागतो. कड्याच्या काठावर ही चूक परवडत नाही. तिथे ठिपक्याकडे नाही, पायाकडे बघा.

आता मित्राने पाठवलेल्या वाटेच्या फाइलबद्दल. ती कुणी, कुठल्या महिन्यात आणि कशाच्या मदतीने चालून नोंदवली, हे विचारा. फेब्रुवारीत कोरड्या नाळेतून दोर लावून चढलेल्यांची रेघ जुलैत तुम्हाला धबधब्याखाली नेऊन उभी करेल. काही रेघा तर घरी बसून नकाशावर ओढलेल्या असतात. पडद्यावर मोठी करून बघा: खरी पायवाट वेडीवाकडी असते, लांबच लांब सरळ रेघ दिसली की संशय घ्या. आणि फाइल छापील नकाशावर ताडून पाहिल्याशिवाय तिच्या मागे जाऊ नका.

सूर्य, घड्याळ आणि ध्रुवतारा

साधनं नसतील तर आकाश आहेच. पण पुस्तकातल्या युक्त्या थंड देशांतल्या असतात, आपल्या अक्षांशावर त्या जशाच्या तशा चालत नाहीत.

- सूर्य नेमका पूर्वेला उगवतो तो वर्षातून दोनदाच. महाराष्ट्रात डिसेंबरात तो सुमारे २५ अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो, जूनमध्ये तेवढाच उत्तरेकडे.
- घड्याळाच्या काट्याने दिशा काढू नका. ती युक्ती दुपारचा सूर्य दक्षिणेला असतो असं धरून चालते. मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारी तो आपल्या उत्तरेला असतो, आणि त्याच्या आगेमागे जवळजवळ डोक्यावर.
- सावलीची काठी चालते. काठी उभी रोवा, सावलीच्या टोकाशी खडा ठेवा. वीस मिनिटांनी नव्या टोकाशी दुसरा खडा ठेवा. पहिला खडा पश्चिम, दुसरा पूर्व. दिशा ढोबळच कळते.
- ध्रुवतारा फार खाली असतो. त्याची क्षितिजापासूनची उंची आपल्या अक्षांशाएवढीच, म्हणजे इथे १८-१९ अंश. हात लांब करून मुठीवर मूठ ठेवली की साधारण तेवढं होतं. उत्तरेला डोंगर असेल तर तो दिसणारच नाही. तेव्हा सप्तर्षी किंवा शर्मिष्ठा यांवरून अंदाज घ्या.

पायाखालची वाट खरी की ढोरवाट?

सह्याद्रीत चुकणाऱ्यांपैकी पुष्कळ जण ढोरवाटेने चुकतात. सुरुवातीला ती मळलेल्या पायवाटेसारखीच दिसते, मग तिला फाटे फुटतात आणि शेवटी ती चरणीत नाहीतर पाणवठ्यावर विरून जाते.

- माणसांच्या वाटेवर खांद्याच्या उंचीच्या फांद्या कोयत्याने छाटलेल्या असतात. ढोरवाटेवर कमरेपर्यंत मोकळं आणि तोंडावर काटे.
- माणसाची वाट कातळावर गुळगुळीत आणि फिकट झालेली असते. जुन्या घाटवाटांवर खोदलेल्या पायऱ्या किंवा पाण्याचं टाकं सापडतं.
- दगडावर दगड रचलेले दिसले तर बरं, पण तेवढ्यावर जाऊ नका. कुणी गंमत म्हणूनही रचतं.
- सप्टेंबर-ऑक्टोबरात गवत आणि कारवी वाट झाकून टाकतात. उलट गवत जळाल्यावर प्रत्येक रेघ वाटच वाटायला लागते.

पाच मिनिटं झाली आणि माणसाची एकही खूण दिसली नाही, तर शेवटच्या पक्क्या जागेपर्यंत परत या.

गावात विचारताना

पायथ्याच्या वाडीतला गुराखी तुमच्या सगळ्या साधनांपेक्षा त्या डोंगराची जास्त माहिती बाळगून असतो. पण ती माहिती कशी विचारावी, यालाही रीत आहे.

“मामा, ही वाट गडावर जाते ना?” असं विचारलं की उत्तर ‘हो’च येतं. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? शिवाय ती वाट फिरून-फिरून कधीतरी गडावर जातही असते. त्याऐवजी “मामा, गडावर कोणती वाट जाते?” असं विचारा आणि हाताने दाखवू द्या. पुढचे प्रश्न असे:

- “लोक कुठल्या वळणावर चुकतात?”
- “शेवटचं पाणी कुठे आहे?”
- “पावसात ओढा ओलांडता येतो का?”
- “तुम्हाला चढायला किती वेळ लागतो?” (त्याची दुप्पट धरा. ‘हाकेच्या अंतरावर’ म्हणजे त्यांच्या हाकेच्या.)

दोन वेगवेगळ्या माणसांना विचारा. वाट अवघड किंवा मोडलेली असेल तर वाटाड्या घ्या आणि पैसे आधी ठरवा. येताना एकटं परतायचं असेल तर जातानाच दर फाट्यावर मागे वळून बघा. उतरताना वाट वेगळीच दिसते.

वाट चुकलीच तर

१. थांबा आणि बसा. पाणी प्या, काहीतरी खा. जुनी माणसं सांगत आली आहेत की चकवा लागला की जागीच बसावं, उजाडेपर्यंत हलू नये. यापेक्षा शहाणा सल्ला कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही.
२. गट फोडू नका. ‘मी जरा पुढे बघून येतो’ म्हणून एक जण गेला की चुकलेले गट दोन होतात.
३. शेवटची पक्की जागा आठवा. तिथून किती वेळ, कुठल्या दिशेने चाललो? ती जागा नकाशावर शोधा आणि होकायंत्राने उलट्या दिशेने परत जा.
४. ओढ्यामागे उतरू नका. नदी माणसाला वस्तीवर नेते, हे सपाट मुलखात खरं. सह्याद्रीच्या पश्चिम अंगाला ओढा सरळ कड्यावरून कोकणात उडी घेतो. चार कातळटप्पे उतरून गेल्यावर पाचवा शंभर मीटरचा निघतो आणि मागचे चार चढता येत नाहीत. उतरावंच लागलं तर रुंद सोंड पकडा, आणि तीही नकाशावर खालपर्यंत जाताना दिसत असेल तरच.
५. अंधार पडायला तासभर उरला असेल तर शोधाशोध बंद करा. वाऱ्याआड, काठापासून दूर आणि ओढ्याच्या पात्राबाहेर जागा बघा. अंगावर कोरडे कपडे चढवा.
६. खूण द्या. मिनिटभरात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर शांतता, पुन्हा सहा. रात्री बॅटरीच्या प्रकाशानेही तसंच. उत्तर म्हणून तीन शिट्ट्या येतात.

मदत मागताना

११२ हा देशभराचा आपत्कालीन क्रमांक. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्या कंपनीचा टॉवर मिळाला तर हा फोन लागू शकतो. रुग्णवाहिकेसाठी १०८, वन विभागाची हेल्पलाइन १९२६. बोलणं जमत नसेल तर घरी एसएमएस पाठवा. अर्ध्या काडीच्या रेंजमध्येही तो निसटून जातो. राज्यातल्या गिर्यारोहकांच्या स्वयंसेवी बचाव पथकांचा मेळ घालणारं महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे. त्याचा क्रमांक निघण्यापूर्वी शोधून कागदावर लिहून घ्या.

सांगायचं ते या क्रमाने: कुठे आहोत, किती जण, दुखापत काय, कुठल्या गावातून चढलो, बॅटरी किती टक्के. त्यानंतर फोनवर गप्पा नकोत आणि जागा सोडू नका.

स्थानाचे आकडे सांगताना एक घोळ हमखास होतो. पडद्यावर १९.३८ दिसत असेल तर ‘एकोणीस दशांश अडतीस’ असंच म्हणा. ऐकणाऱ्याने ते ‘१९ अंश ३८ मिनिटं’ असं लिहून घेतलं तर शोधपथक सुमारे २८ किलोमीटर उत्तरेला जाईल. दशांशानंतरचे निदान चार आकडे सांगा आणि समोरच्याकडून परत म्हणवून घ्या.

नियम, परवानगी आणि तुमचे हक्क

- अभयारण्य. कळसूबाई-हरिश्चंद्रगड, भीमाशंकर अशा अभयारण्यांत वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे. प्रवेशावर आणि मुक्कामावर बंधनं असू शकतात. शुल्क भरलं तर पावती मागा. तो तुमचा हक्क आहे आणि शोधाशोधीच्या वेळी तुम्ही कधी आत गेलात याचा पुरावाही.
- पावसाळी बंदी. गर्दीच्या धबधब्यांवर आणि गडांवर प्रशासन जमावबंदी किंवा प्रवेशबंदीचे आदेश काढतं. आदल्या दिवशी चौकशी करा. अडवलं गेलं तर आदेश कुठला आणि कधीपर्यंतचा, हे नम्रपणे विचारायला हरकत नाही. तो मोडायला मात्र हरकत आहे.
- उपग्रह फोन आणि संदेशयंत्रं. थुराया, इरिडियमचे फोन किंवा इनरीचसारखी यंत्रं सरकारी परवानगीशिवाय भारतात बाळगणं बेकायदेशीर आहे. गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवाशांना यावरून अडवलं गेलं आहे. परदेशातल्या भाच्याने प्रेमाने पाठवलं तरी घेऊ नका. नुसतं स्थान दाखवणाऱ्या साध्या जीपीएस यंत्राला ही अडचण नाही.
- पैसे भरून ट्रेकला जाताना. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार व्यावसायिक आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. नोंदणी, विमा, किती जणांमागे किती म्होरके आणि पर्यायी वाट कोणती, हे पैसे भरण्यापूर्वी विचारा. ‘जबाबदारी सर्वस्वी तुमची’ अशा कागदावर सही केली म्हणून आयोजकाचा हलगर्जीपणा माफ होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते.

आता सराव

हे सगळं वाचून कळतं, पण हाताला येत नाही. येत्या रविवारी गावाजवळच्या ओळखीच्या टेकडीवर जा. आभाळ मोकळं असू द्या. एकाने नकाशा आणि होकायंत्र घेऊन पुढे चालायचं, दुसऱ्याने फोन खिशात ठेवून मागे. दर पंधरा मिनिटांनी पुढच्याने नकाशावर बोट ठेवायचं आणि मागच्याने फोनवर ताडून बघायचं. पहिल्यांदा बोट दोनशे मीटर चुकेल. चारपाच रविवारांत ते पन्नासवर येतं. टेकडीवर चुकलात तर फार तर पायथ्याचा चहा उशिरा मिळेल. ज्या काही चुका करायच्या त्या तिथेच करून घ्या.